कूमनच्या संघात 'कूमन' का नसतो?

तिरपा_पास
डच फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक रोनाल्ड कूमनची कारकीर्द सलग मांडली की एक गोष्ट खटकते, म्हणून हा धागा.

१९८० साली ग्रोनिंगेनकडून सुरुवात, मग आयाक्स, पीएसव्ही, बार्सिलोना आणि शेवटी फेयनूर्ड. १९९७ला निवृत्ती. लीग सामन्यांत १९३ गोल, आणि हा गडी बचावपटू! त्यातले ३३ ग्रोनिंगेनसाठी, २३ आयाक्ससाठी, ५१ पीएसव्हीसाठी, ६७ बार्सिलोनासाठी आणि १९ फेयनूर्डसाठी. १९८८मध्ये पीएसव्हीकडून लीग, डच कप आणि युरोपियन कप, आणि महिनाभरात नेदरलँड्सकडून युरो. १९९२ला बार्सिलोनाने पहिला युरोपियन कप जिंकला तो याच्याच गोलवर.

मग प्रशिक्षक म्हणून फितेस, आयाक्स, बेनफिका, पीएसव्ही, वॅलेन्सिया, एझेड, फेयनूर्ड, साउदॅम्प्टन, एव्हर्टन, नेदरलँड्स, बार्सिलोना आणि २०२३पासून पुन्हा नेदरलँड्स. आयाक्स, पीएसव्ही आणि फेयनूर्ड या तिन्हींकडून खेळलेला आणि तिन्हींचा प्रशिक्षक झालेला तो एकटाच.

आता प्रश्न. खेळाडू कूमन म्हणजे सगळ्यात मागे उभा राहून खेळ रचणारा माणूस. प्रशिक्षक कूमनच्या संघांत मात्र असा माणूस केंद्रस्थानी दिसत नाही. त्याचे बरेचसे संघ शिस्तीचे, सरळ पुढे जाणारे आणि ताकदवान सेंटर फॉरवर्डवर भिस्त ठेवणारे. बार्सिलोनाचा तेव्हाचा प्रशिक्षक क्रायफच्या यंत्राचा मुख्य पुर्जा असलेल्या माणसाने स्वतः तसं यंत्र का बांधलं नाही? ग्वार्डिओलाने बांधलं. आणि हे दोघं तर एकाच गुरूच्या हाताखाली, एकमेकांच्या मागेपुढे खेळलेले.

जाणकारांनी लिहावं. 'त्याने मेस्सीला घालवलं' छापाच्या प्रतिसादांसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

ऑफसाइड_काका
रुमाल टाकून ठेवतो.

पेटीतला_कोल्हा
मेस्सीला त्याने नाही, क्लबच्या ताळेबंदाने घालवलं. झालं, आता जातो वेगळ्या धाग्यावर.

हाफव्हॉली
१९३चा आकडा तोंडात बोटं घालायला लावतो खरा, पण त्याची फोड करायला हवी. पेनल्टी त्याच्याकडे, फ्री किकही त्याच्याकडे. १९८७-८८च्या लीगमध्ये पीएसव्हीसाठी २१ गोल केले, तेव्हाही हे दोन्ही ठेके त्याचेच होते. शिवाय सुरुवातीला ग्रोनिंगेनमध्ये तो मधल्या फळीतही खेळायचा. त्यामुळे 'बचावपटूने इतके गोल केले' यापेक्षा 'थांबलेला चेंडू मारण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता' हे विधान जास्त खरं.

थांबलेल्या चेंडूला कमी लेखत नाहीये. १९९३-९४च्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक ८ गोल करणाऱ्या दोघांपैकी एक कूमन होता, दुसरा वेर्डर ब्रेमेनचा विंटन रुफर. संघात स्टोइचकोव्ह आणि रोमारिओ असताना!

लिबेरो_नं_५
धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी कूमनला मागे खेळवायला काय किंमत पडायची ते पाहू. त्याशिवाय 'असा दुसरा का शोधला नाही' हे कळणार नाही.

कूमन धावायला मंद होता. वळायला त्याहून मंद. १९८८च्या नेदरलँड्स संघात प्रशिक्षक मिशेल्सने त्याच्या शेजारी रायकार्डला ठेवलं, म्हणजे मागे पडलेला चेंडू धावून काढायला एक माणूस हक्काचा. बार्सिलोनात क्रायफने मागे तीनच ठेवले. उजवीकडे फेरेर, बुटका आणि चपळ, समोरच्या आघाडीवीराला चिकटून राहणारा. डावीकडे हुआन कार्लोस, नंतर सेर्जी. मध्ये कूमन मोकळा, कुणाला धरायचं नाही. त्याच्यापुढे ग्वार्डिओला.

चेंडू आपल्याकडे आला की बाजूचे दोघं रुंद व्हायचे आणि समोरच्या दोन आघाडीवीरांना ताणून धरायचे. त्यातला एक ग्वार्डिओलावर गेला की कूमनपुढे १०-१५ मीटर मोकळं मैदान. त्यात तो चेंडू घेऊन आरामात चालत जायचा. इथे विरोधी मध्यरक्षकापुढे दोनच पर्याय. बाहेर येऊन कूमनला अडवलं, तर त्याने सोडलेला लाउद्रुप किंवा बाकेरो मोकळा. जागीच थांबला, तर ४०-५० मीटरचा तिरपा पास थेट कडेच्या विंगरला.

हा पास उंच फुगवलेला नसायचा, हे त्याचं मर्म. बुटाच्या लेसवर घेऊन, चेंडूच्या मध्याच्या जरा खाली मारलेला, कमी उंचीचा आणि जोरकस. उंच चेंडू तेच अंतर जायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात विरोधी फुल बॅक सरकून विंगरपाशी पोचतो. कूमनचा पास पोचायचा तेव्हा फुल बॅक अजून वाटेतच असायचा.

बिघडायचं कुठे, तर मधल्या फळीत चेंडू हिसकावला गेला की. तेव्हा कूमन मध्यरेषेजवळ, त्याच्या मागे अर्धं मैदान ओस, आणि गोलरक्षक झुबिझारेटा पायाने खेळायला फारसा उत्सुक नाही. म्हणजे त्या एका पासासाठी आजूबाजूच्या सगळ्यांची रचना बदलावी लागायची.

आणि सगळ्यात मोठी किंमत परदेशी खेळाडूच्या जागेची. तेव्हा मैदानात तीनच परदेशी चालायचे. त्यातली एक जागा क्रायफने सेंटर बॅकवर खर्च केली. रोमारिओ आला तेव्हा चौथा माणूस बाहेर बसायला लागला, आणि १९९४च्या अंतिम सामन्यात तो चौथा लाउद्रुप होता.

ऑफसाइड_काका
त्याच अंतिम सामन्याचं पुढे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. १८ मे १९९४, अथेन्स. मिलान ४, बार्सिलोना ०. गंमत अशी की मिलानचे बारेसी आणि कोस्टाकुर्टा दोघंही निलंबित, म्हणजे मोडका बचाव त्यांचा असायला हवा होता. मिलानचा प्रशिक्षक कापेल्लोने डेसाईला मधल्या फळीत टाकून ग्वार्डिओलाचाच श्वास कोंडला. लिबेरो_नं_५ यांनी सांगितलेल्या साखळीची पहिली कडी तिथेच तुटली. कूमनकडे चेंडू यायचा, पण पुढे कोणी मोकळा नाही आणि मागे मैदान ओस. मसारोचे दोन, साविसेविचचा डोक्यावरून टाकलेला तिसरा, डेसाईचा चौथा. तासाभरात खेळ खल्लास.

हे सगळं मैदानातून पाहिलेला माणूस प्रशिक्षक झाल्यावर मागे तीन ठेवून पुढे धावायला बिचकेल, यात नवल काय?

तिरपा_पास
काका, मुद्दा पटतो, पण ग्वार्डिओलाही त्याच मैदानात होता. त्याला वेगळा धडा मिळाला म्हणायचा.

बॅकपास
नियमांकडे कोणाचंच लक्ष नाही का? १९९२च्या उन्हाळ्यापासून सहकाऱ्याने पायाने दिलेला पास गोलरक्षकाला हातात घेता येईना. त्याआधी लिबेरोला, म्हणजे बचावाच्या मागे एकट्याने मोकळं खेळणाऱ्याला, दबाव आला की चेंडू गोलरक्षकाकडे, त्याने हातात घेतला, विषय संपला. नंतर ती पळवाट बंद. त्यातच चार जणांची सरळ रेषा आणि ऑफसाइडचा सापळा सगळीकडे आला. रेषेच्या मागे एक माणूस मोकळा ठेवला तर सापळा लागतच नाही, कारण तोच सगळ्यांना ऑनसाइड करतो. कूमन प्रशिक्षक झाला तोवर ती जागाच मोडीत निघाली होती. त्यामुळे 'त्याने दुसरा कूमन का आणला नाही' याचं सरळ उत्तर: ठेवणार कुठे?

हाफव्हॉली
जागा गेली, काम गेलं नाही. पिके, हुमेल्स, फान डाइक यांनी रेषेत उभं राहूनच ते काम केलं.

गोलपोस्ट_पुणे
थोडं अवांतर. १९९२च्या अंतिम सामन्यातली वेम्ब्लीची फ्री किक नेमकी कशी घेतली होती? सगळे 'तोफगोळा' म्हणतात, पण आधी दोन जण चेंडूला हात... सॉरी, पाय लावतात ना?

लिबेरो_नं_५
हो. २० मे १९९२, समोर साम्पदोरिया, नव्वद मिनिटांत ०-० आणि जादा वेळेतलं ११२वं मिनिट. स्टोइचकोव्हने चेंडू बाजूला ढकलला, बाकेरोने तळव्याने थांबवला, कूमनने मारला. तीन माणसं लागली त्याला कारण आहे. भिंत चेंडूच्या मूळ जागेवरून मोजून उभी केलेली असते. गोलरक्षक भिंतीच्या टोकाचा माणूस आपल्या जवळच्या खांबाच्या रेषेत लावतो आणि उरलेली बाजू स्वतः सांभाळतो. चेंडू मीटरभर जरी सरकला तरी ती रेष चुकते आणि भिंतीच्या कडेला फट उघडते. भिंतीला ती बुजवायला वेळ हवा असतो, आणि कूमनच्या फटक्याला भिंतीपर्यंतचे ९.१५ मीटर कापायला तेवढा वेळ लागत नाही. पाग्लिउकाने झेप घेतली, पण चेंडू आत गेलेला.

यात धोका एकच. चेंडू हलताक्षणी भिंतीला पुढे धावायची मुभा मिळते. म्हणून ढकलणं, थांबवणं आणि मारणं एका दमात व्हायला लागतं. थांबवणाऱ्याने चेंडू पूर्ण मेला पाहिजे याची काळजी घ्यायची, आणि मारणाऱ्याने त्याआधीच धाव सुरू केलेली असायला हवी. चेंडू थांबल्यावर धाव घेतली तर पहिला धावून आलेला माणूस अंगावर घेतो. आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत ही चाल फसते ती इथेच.

फातोर्डा
याला जोड म्हणून १३ ऑक्टोबर १९९३, रॉटरडॅम, इंग्लंडविरुद्ध. तिथे पहिली फ्री किक धावून आलेल्या पॉल इन्सने अडवली. तो वेळेआधी सुटला म्हणून पंचाने पुन्हा घ्यायला लावली. दुसऱ्यांदा कूमनने जोर काढूनच टाकला आणि चेंडू भिंतीवरून अलगद उचलून टाकला. भिंत पुढे सुटण्याच्या तयारीत, वजन पुढच्या पायावर, उडी कोण मारणार? तोफेची भीती होती म्हणून ती चिमटी चालली.

पेटीतला_कोल्हा
(परत आलो.) आणि त्याच्या काही मिनिटं आधी प्लॅट एकटा गोलकडे सुटला असताना त्याला मागून खेचलं त्याबद्दल? लाल कार्ड नाही, पिवळ्यावर भागलं. इंग्लंड ०-२ हरलं आणि १९९४च्या वर्ल्ड कपला गेलं नाही. नंतर त्याच इंग्लंडमध्ये दोन क्लबांनी त्याला नोकरी दिली. दिलदार लोक.

कट्टा_नारिंगी
आता प्रशिक्षक कूमनकडे वळूया, कारण इथे सगळे १९९४लाच अडकलेत.

डिसेंबर २००१मध्ये मोसमाच्या मध्यात तो आयाक्सला आला आणि त्याच मोसमात लीग आणि कप दोन्ही जिंकले. २००४ला पुन्हा लीग. २००३च्या चॅम्पियन्स लीगमध्ये उपांत्यपूर्व फेरीत मिलानविरुद्ध सामना अगदी शेवटच्या क्षणी ३-२ने निसटला, नाहीतर पोरासोरांचा तो संघ उपांत्य फेरीत होता. इब्राहिमोविच, स्नायडर, फान डर फार्ट, किवू, मॅक्सवेल, पीनार. हे जर क्रायफच्या शाळेचं नसेल तर काय आहे? किवू तर डावखुरा, मागून पास देणारा सेंटर बॅक आणि विशीच्या सुरुवातीलाच कर्णधार. धागाकर्त्याचं विधान तिथेच डळमळतं.

बेनफिकात उलट. लुइसाओ आणि पेटीटच्या आडोशाने दार बंद करून बसायचं आणि सिमाओला मोकळं सोडायचं. २००५-०६ला गटात मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवून युरोपबाहेर काढलं, मग गतविजेत्या लिव्हरपूलला घरी १-० आणि अॅनफिल्डवर २-०. बार्सिलोनाने थांबवलं.

पीएसव्ही २००६-०७ हा थरार वेगळाच. मोठी आघाडी उधळून शेवटच्या दिवशी एझेड, आयाक्स आणि पीएसव्ही तिघेही समान गुणांवर, आणि गोलफरकात एझेड पुढे. एझेड एक्सेल्सियरकडे ३-२ हरलं, आयाक्सने २-० जिंकलं, पीएसव्हीने फितेसला ५-१ मारलं. शेवटी एका गोलच्या फरकाने विजेतेपद, आणि तो पाचवा गोल कोकूचा.

बॅकपास
'मोठी आघाडी उधळून' हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. जानेवारीनंतर तो संघ दमलेला आणि ठरावीक साच्यात अडकलेला होता. खेळाडूंची अदलाबदल कमी करायची, त्याच अकरांना खेळवत राहायचं, ही कूमनची जुनी खोड आहे. बार्सिलोनात अठरा वर्षांच्या पेद्रीला मोसमात पन्नासहून जास्त सामने खेळवले तेही याच खोडीतून.

सिंहगड_रोड_एन्ड
आणि वॅलेन्सिया? तो काळा अध्याय कोणी उघडतच नाहीये.

२००७च्या शरद ऋतूत आला. डिसेंबरमध्ये कान्यिझारेस, आल्बेल्दा आणि आंगुलो या तिघांना एका फटक्यात संघाबाहेर केलं. आल्बेल्दा कर्णधार, कान्यिझारेस वर्षानुवर्षांचा गोलरक्षक. बचाव बदलायचा असेल तर आधी मधला कणा बदलतात, मग टोकं. याने गोलरक्षक आणि बचावापुढचा मध्यरक्षक हे दोन जोड एकदमच काढले. बचावाच्या रेषेला आवाज देणारा मागे कोणी नाही, पुढे आडोसा नाही. लीगमध्ये संघ तळाकडे घसरला. तरी १६ एप्रिल २००८ला हेताफेला ३-१ हरवून कोपा डेल रे (स्पेनचा कप) जिंकला! आणि पुढच्याच लीग सामन्यात बिल्बाओत ५-१ मार खाल्ल्यावर गच्छंती. कप जिंकल्यावर आठवड्याच्या आत.

बाद फेरीचे सामने जिंकायचे आणि लीगमध्ये गडगडायचं, हे पुढेही दिसतं. कारण एकट्या सामन्याची आखणी त्याला उत्तम जमते. समोरच्याचं शस्त्र ओळखून ते बोथट करायचं. अडतीस आठवडे तोच संघ ताजा ठेवणं ही वेगळी विद्या आहे.

कट्टा_नारिंगी
अर्धं मान्य. पण मग फेयनूर्ड? तिथे तर सलग तीन मोसम लीगमध्येच टिकून दाखवलं. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये पीएसव्हीकडून १०-० मार खाल्लेला क्लब, तिजोरी रिकामी. २०११ला कूमन आला: दुसरं, तिसरं, दुसरं स्थान. स्वतःच्या अकादमीतली पोरं, डे फ्राय, मार्टिन्स इंडी, क्लासी. हे तिघंही २०१४च्या वर्ल्ड कपला. पुढे आधी गीडेट्टी, मग पेल्ले असा एक धिप्पाड नऊ नंबर, म्हणजे सेंटर फॉरवर्ड.

खरेदीला पैसा नसेल तेव्हा हा माणूस काय करतो ते बघण्यासारखं आहे. आधी मागचे चार आणि त्यांच्या पुढचा एक ठरवतो आणि शक्यतो हलवत नाही. मग पुढे चेंडू अंगावर घेऊन धरून ठेवणारा एक माणूस. उरलेले चार मग आपोआप जागा शोधतात, कारण चेंडू वर गेला की तिथे टिकतो आणि संघाला २०-२५ मीटर वर सरकायला वेळ मिळतो. दिसायला रोमँटिक नाही, पण कमी पैशांत उभं राहणारं.

गोलपोस्ट_पुणे
साउदॅम्प्टन हे त्याचंच पुढचं पान. २०१४च्या उन्हाळ्यात लालाना, लँबर्ट, लोव्हरेन, शॉ, चेंबर्स सगळे विकले गेले. इंग्रजी पत्रकार संघाला खालच्या विभागात पाठवून मोकळे झाले होते. कूमनने पेल्ले, टाडिच, माने, बर्ट्रंड, फोर्स्टर आणि उसना आल्डरवायरल्ड आणले. सातवं स्थान, पुढच्या मोसमात सहावं आणि ६३ गुण. २०१५ला सेल्टिककडून फान डाइकला घेतलं, १.३ कोटी पौंडांत. धागाकर्ते, तुमचा 'कूमन' इथे आला बघा. मागून तिरपा पास देणारा सेंटर बॅक, आणि वर धावायलाही वेगवान.

तिरपा_पास
फान डाइकचा मुद्दा बिनतोड. पण साउदॅम्प्टनमध्ये तो खेळाचं केंद्र नव्हता, बचावाचं होता. फरक आहे.

पेटीतला_कोल्हा
एव्हर्टनला मात्र पैसा होता. सेंटर फॉरवर्ड लुकाकू विकला आणि त्याच्या जागी आणले कोण, तर रूनी, सिगुर्डसन आणि क्लासेन. तीन दहा नंबर, म्हणजे आघाडीवीराच्या मागे खेळणारे, पण धिप्पाड नऊ नंबर एकही नाही. कट्टा_नारिंगी यांच्या कृतीतला मुख्य जिन्नसच गायब. ऑक्टोबर २०१७मध्ये घरच्या मैदानावर आर्सेनलकडून ५-२, दुसऱ्या दिवशी नारळ. तेव्हा संघ अठरावा.

कट्टा_नारिंगी
त्यात खरेदीचा निर्णय एकट्याचा नव्हता हे लक्षात घ्या. फुटबॉल संचालक असलेल्या क्लबात प्रशिक्षक यादी देतो, आणलं काय जातं ते वेगळं असतं.

फातोर्डा
अवांतर आहे, पण 'बचावपटू ते प्रशिक्षक' हा विषय असताना आपल्याकडचं उदाहरण न देणं बरं नाही. डेरिक परेरा. गोव्याचा, साळगावकरचा बचावपटू. प्रशिक्षक म्हणून २००५-०६ला महिंद्रा युनायटेडला नॅशनल फुटबॉल लीग जिंकून दिली, म्हणजे मुंबईच्या क्लबला. तो क्लब २०१०मध्ये बंदच झाला, ते दुखणं वेगळं. मग पुणे एफसी: २००९-१०ला आय-लीगमध्ये तिसरं स्थान आणि २०१२-१३ला चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरं. २०२१च्या डिसेंबरमध्ये प्रशिक्षक फेरांडो मोसमाच्या मध्यात निघून गेल्यावर एफसी गोवा सांभाळायला यालाच बोलावलं.

साम्य बघा. कमी पैशांचा संघ, आधी मागची फळी घट्ट, आणि दुसऱ्याने अर्धवट टाकलेलं काम हातात घ्यायची तयारी. बचावपटूला आयुष्यभर दुसऱ्याने गमावलेल्या चेंडूचंच निस्तरावं लागतं, म्हणून क्लबही बुडती नाव त्यांच्याच हातात देतात की काय कोण जाणे.

ऑफसाइड_काका
वा! बालेवाडीच्या मोकळ्या खुर्च्यांसमोर दुसरं स्थान आणणं हे बार्सिलोनाच्या कॅम्प नोउ मैदानावरच्या दबावापेक्षा अवघड आहे, असं माझं ठाम मत. महेश गवळीही याच वाटेवरचा. ईस्ट बंगालच्या २००३च्या आसियान कप विजेत्या संघातला सेंटर बॅक, नंतर राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक.

सिंहगड_रोड_एन्ड
गाडी मूळ रुळावर. बार्सिलोना २०२०-२१. इथेच धागाकर्त्याच्या प्रश्नाची खरी परीक्षा आहे, कारण इथे कूमनला क्रायफचंच मैदान मिळालं.

सुरुवात ४-२-३-१ने. दोन बचावात्मक मध्यरक्षक शेजारी-शेजारी, म्हणजे क्रायफच्या अनुयायांच्या दृष्टीने पापच. फेब्रुवारीत घरी पीएसजीकडून ४-१ने पराभव. त्यानंतर त्याने मागे तीन केले आणि काही सामन्यांत मधला कोण, तर फ्रेंकी डे योंग! मध्यरक्षकाला बचावाच्या मधोमध आणला, पुढे बुस्केट्स, कडांना देस्त आणि आल्बा. डे योंग चेंडू घेऊन सरळ पुढे चालत जायचा आणि त्याची जागा बुस्केट्स खाली येऊन भरायचा. लिबेरो_नं_५ यांनी वर वर्णन केलेली चाल तंतोतंत, फक्त लांब पासाऐवजी धाव. सेव्हियाला लीगमध्ये २-०, आणि कपच्या उपांत्य फेरीत पहिला सामना ०-२ हरल्यावर परतीचा ३-०. पिकेचा गोल जादा मिनिटांत. १७ एप्रिलला अंतिम सामन्यात बिल्बाओवर ४-०.

लिबेरो_नं_५
मी हेच लिहायला आलो होतो. एक भर: ही रचना टिकली नाही त्याला कारण वेग. डे योंग वर गेला की मागे पिके किंवा लँग्ले उघडे पडायचे, आणि दोघंही धावपटू नव्हेत. १९९२ला फेरेर होता. इथे फेरेर कोणी नव्हता. मिंगेसा त्यातल्या त्यात धावायचा, पण कोवळा. म्हणजे कूमनला कूमन मिळाला, त्याचा पहारेकरी मिळाला नाही.

पेटीतला_कोल्हा
आणि मग सप्टेंबर २०२१, ग्रानाडाविरुद्ध ५४ क्रॉस. चोपन्न! आणि पिके सेंटर फॉरवर्ड. क्रायफच्या पुतळ्याने तोंड फिरवलं असेल.

कट्टा_नारिंगी
हसा, पण त्या दिवशी पुढे होता लुक डे योंग. विंगर जखमी, मेस्सी गेलेला, वेळ संपत आलेली, एका गोलने मागे. उंच माणसं आत आणि चेंडू वर, हे त्याने आधीही केलं होतं. नोव्हेंबर २०१८, जर्मनीविरुद्ध ०-२ने मागे असताना फान डाइकला आघाडीवर पाठवलं आणि त्यानेच नव्वदाव्या मिनिटाला २-२ केलं. नेदरलँड्स नेशन्स लीगच्या अंतिम टप्प्यात गेलं ते त्या गोलमुळे. तेव्हा सगळ्यांनी 'काय डोकं!' म्हटलं. ग्रानाडाविरुद्धही गोल नव्वदाव्या मिनिटाला हेडरनेच आला, अराउहोचा. १-१.

बॅकपास
तेव्हा मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं. कूमनला 'कूमन' नको असतो असं नाही. ती भूमिका उभी करायला काय काय लागतं ते त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे: एक वेगवान पहारेकरी, पुढे चेंडू मागणारा मध्यरक्षक, कडेला रुंद उभे राहणारे विंगर, आणि मागे पायाने खेळणारा गोलरक्षक. यातलं एकही कमी असेल तर तो ती भूमिका काढून टाकतो आणि चार जणांची रेषा लावतो. ग्वार्डिओला थांबतो आणि नसलेला पुर्जा विकत आणतो. एव्हर्टनचा उन्हाळा सोडला तर कूमनला तशी मुभा कुठे होती?

हाफव्हॉली
आणि एव्हर्टनला मुभा होती तेव्हा त्याने तीन दहा नंबर आणले. त्यामुळे हे उत्तर मला फारच उदार वाटतं.

तिरपा_पास
मला दोन्ही अर्धी-अर्धी पटतात. २०२३ला नेदरलँड्सकडे परतल्यावर त्याने आधीचा प्रशिक्षक लुई फान खाल याची पाच बचावपटूंची रचना मोडून ४-३-३ आणायचं जाहीर केलं, आणि पहिल्याच सामन्यात फ्रान्सकडून ४-० खाल्ले. तरी २०२४च्या युरोत उपांत्य फेरी गाठली, डॉर्टमुंडला इंग्लंडच्या वॉटकिन्सने नव्वदाव्या मिनिटाला घरी पाठवलं. त्या संघात फान डाइक आणि त्याच्या जोडीला वेगवान डे फ्राय. बॅकपास यांच्या यादीतला पहारेकरी आणि पासवाला दोघंही होते, गोलरक्षक फेरब्रुग्गेन पायाने खेळणारा. कमी होता तो चेंडू मागणारा मध्यरक्षक, कारण फ्रेंकी डे योंग घोट्याच्या दुखापतीमुळे स्पर्धेलाच मुकला.

सिंहगड_रोड_एन्ड
डे फ्रायला 'वेगवान' म्हणताय? बत्तीस वर्षांचा डे फ्राय? तो चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखतो, धावत नाही. वेगवान होता तो डावीकडचा आके.

ऑफसाइड_काका
हे डे फ्राय प्रकरण आता तीन पानं चालणार. तोवर कोणीतरी लोराँ ब्लाँवर लिहा. तोही चेंडू घेऊन खेळणारा, भरपूर गोल करणारा बचावपटू, तोही १९९६-९७ला बार्सिलोनात. बोर्दोला २००८-०९ची लीग, पीएसजीला सलग तीन, आणि पीएसजीत त्याने थियागो सिल्वापुढे वेराट्टी आणि मोट्टा ठेवून चेंडू मागूनच खेळवला. कूमनला जे जमलं नाही असं धागाकर्ते म्हणतात ते याला जमलं का, की पैशाने जमवलं?